वहीत काय लिहायचं नाही

सोलापूरहून नळदुर्गच्या रस्त्याला लागलं की तासाभराच्या आत आपण जुन्या निजामाच्या मुलखात शिरतो. आज तिथं नाकं नाही की पाटी नाही, त्यामुळे कळतही नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला मेजर जनरल चौधरी यांच्या हाताखालची मुख्य फौज सोलापूरकडूनच हैदराबादच्या दिशेनं निघाली आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. त्याआधीचे काही महिने रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांच्या, भीतीनं सरहद्दीवरची माणसं मिळेल ते गाडीत घालून सोलापूर-बार्शीकडे येत होती. हा भाग आपल्याकडे घराघरांत सांगितला जातो, दर १७ सप्टेंबरला भाषणांतही येतो. त्यानंतरच्या काही आठवड्यांत काय झालं, ते मात्र सहसा कुणी काढत नाही. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं त्याच वर्षाच्या अखेरीस गावोगाव फिरून अहवाल दिला. या लष्करी कारवाईच्या, म्हणजे ज्याला 'पोलीस ॲक्शन' म्हणतात तिच्या, दिवसांत आणि त्यानंतर संस्थानात मारल्या गेलेल्यांचा तिचा अंदाज किमान २७ ते ४० हजारांचा होता. त्यातले बहुतेक मुसलमान होते. सर्वांत जास्त झळ बसली ती उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना, आणि यांतले पहिले दोन तर सोलापूरला खेटून आहेत. अहवाल कित्येक दशकं बासनात राहिला.

आता अशा एखाद्या गावात समजा एम.ए.ची एक विद्यार्थिनी वही घेऊन गेली आणि पारावरच्या आजोबांना म्हणाली, "ॲक्शननंतर इथं काय झालं होतं?" आजोबा बहुधा म्हणतील, "जाऊ द्या की ओ, झालं गेलं." चहा येईल, विषय पावसावर जाईल. मुलीला वाटेल, वय झालं, विसरले. पण ते काही विसरलेले नसतात. समोरच्या वाड्यात आधी कोण राहत होतं, या साध्या प्रश्नाचं उत्तर आजच्या सातबाऱ्यापर्यंत जाऊन पोचू शकतं. समितीनं खुनांबरोबर लुटालूट आणि घरं-जमिनी बळकावल्याचंही नोंदवलं होतं. ज्याच्या आज्यानं घेतली आणि ज्याच्या आज्याची गेली, ते दोघे नातू आज एकाच डेअरीत दूध घालत असतील. मुलगी संध्याकाळच्या एसटीनं सोलापूरला परत येणार, आणि आजोबांना उद्या सकाळी परत त्याच पारावर बसायचंय.

युद्ध, दंगल, लष्करी राजवट, बंडखोरी अशा ठिकाणी काम करणारे मानववंशशास्त्रज्ञ शंभर वर्षं याच अडचणीशी झगडत आहेत. बाहेरच्यांना वाटतं, तिथली मुख्य भीती गोळीची. ती असतेच. पण माझ्या मते खरा पेच वेगळा आहे. प्रश्न विचारणारा एक असतो आणि उत्तराची किंमत मोजणारा दुसरा.

तो पेच कळायला या मंडळींची कामाची रीत आधी बघावी लागते. पत्रकार येतो, बातमी घेतो, जातो. मानववंशशास्त्रज्ञ वर्ष-दोन वर्षं एकाच ठिकाणी मुक्काम ठोकतो, तिथली भाषा शिकतो, लग्नाला जातो, मयताला जातो, आणि रोज रात्री दिसलं-ऐकलं ते सगळं लिहून काढतो. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाच्या घरी कुणाचं ताट वेगळं, हे सगळं. ही रीत रुळवली ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्हस्कीनं, आणि गंमत अशी की तिच्यामागेही एक युद्ध होतं. १९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा तो ऑस्ट्रेलियात होता. ऑस्ट्रियाचा प्रजाजन, म्हणजे कागदोपत्री शत्रूच. त्याला न्यू गिनीच्या बाजूला काम करायला परवानगी मिळाली आणि तो ट्रोब्रियांड बेटांवर लोकांच्यात तंबू ठोकून राहिला. दुसऱ्या महायुद्धात असाच एक ऑस्ट्रियन आपल्या शेजारी अडकला होता. क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हाइमेनडॉर्फ. इंग्रजांनी त्याला शत्रुराष्ट्राचा म्हणून हैदराबाद संस्थानात राहायचं बंधन घातलं आणि त्या सक्तीच्या मुक्कामात त्यानं चेंचू, रेड्डी आणि गोंड लोकांचा अभ्यास केला. एडमंड लीचची गोष्ट निराळी. ब्रह्मदेशाच्या काचिन डोंगरात तो काम करत असताना युद्ध आलं आणि त्याच्या टिपणवह्या गहाळ झाल्या. पुढं १९५४ साली त्याचं जे गाजलेलं पुस्तक आलं, त्यातलं बरंच आठवणीवर उभं आहे.

पण या तिघांसाठी युद्ध हा अपघात होता, अभ्यासाचा विषय नव्हता. ते कसं आड येतं हे पहिल्यांदा नीट दिसतं ते इव्हान्स-प्रिचर्ड या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाच्या सुदानमधल्या कामात. १९३० च्या सुमारास तो नुएर लोकांत गेला, तो तिथल्या ब्रिटिश सरकारच्या विनंतीवरून आणि मुख्यतः त्यांच्याच पैशावर. याच सरकारनं दोन-तीन वर्षं आधी नुएरांवर विमानांतून बॉम्ब टाकले होते. तो ज्या वस्तीत राहत होता, तिला एका पहाटे सरकारी फौजेनं वेढा घातला, बंडाच्या दोन म्होरक्यांचा शोध घेतला आणि ओलीस धरून नेले. त्यानंतर हा गृहस्थ लोकांना विचारतोय, तुमचं नाव काय, कूळ कुठलं. समोरचा नुएर उलट विचारतो, नाव सांगितलं तर ते घेऊन तुम्ही काय करणार? तुमच्या देशात नेणार का? इव्हान्स-प्रिचर्डनं हा संवाद नुएरांच्या हट्टी स्वभावाचा नमुना म्हणून, थोडा वैतागून आणि थोडा विनोदानं लिहिला. आज वाचताना त्यात विनोद दिसत नाही. त्या माणसानं अगदी नेमका प्रश्न विचारला होता.

कारण हेराचा संशय नेहमी खोटा नसतो. १९१९ साली अमेरिकेतले नामवंत मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी एका अमेरिकी साप्ताहिकात जाहीर पत्र लिहिलं, की चार मानववंशशास्त्रज्ञ महायुद्धात संशोधनाच्या नावाखाली मध्य अमेरिकेत हेरगिरी करत होते. त्यांच्या संघटनेनं त्या चौघांना काही विचारलं नाही, ठपका ठेवला तो बोआस यांच्यावर. तो अधिकृतपणे मागं घ्यायला २००५ साल उजाडलं. पण त्यातून धडा घेतला म्हणावं, तर दोनच वर्षांनी अमेरिकी लष्करानं अफगाणिस्तान-इराकमध्ये सैन्याच्या तुकड्यांबरोबर समाजशास्त्रज्ञ पाठवायचा मोठा कार्यक्रम जोरात सुरू केला. स्थानिक लोकांची नाती, टोळ्या, भांडणं समजून घेऊन लष्कराला सांगायची, म्हणजे रक्तपात कमी होईल, असा युक्तिवाद होता. मानववंशशास्त्रज्ञांच्या अमेरिकी संघटनेनं २००७ मध्येच त्याला विरोध केला. हत्यारबंद गणवेशधाऱ्याबरोबर आलेल्या माणसाला "मी बोलणार नाही" असं कोण म्हणू शकेल, आणि ही माहिती उद्या कुणाला टिपायला वापरली जाणार नाही याची हमी कोण देणार? हा कार्यक्रम २०१४ पर्यंत चालला, ७० कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला, आणि २००८ मधल्या हल्ल्यांत त्यातल्या तीन संशोधकांचा जीव गेला. त्यानंतर त्या प्रदेशात वही घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाकडे, मग तो कुठल्याही विद्यापीठाचा असो, लोक कसं बघत असतील याची कल्पना करा.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर आपल्या सोलापूर शहरातल्या 'सेटलमेंट फ्री कॉलनी' या नावाकडे बघा. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या आणि त्यांतली कितीतरी कुटुंबं सोलापुरात तारेच्या कुंपणाआड ठेवली. हजेरी द्यायची, मिलमध्ये कामाला जायचं, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही. कायदा रद्द झाला तो १९५२ साली. त्या काळच्या साहेबांनी जाती-जमातींच्या चालीरीतींचे जे जाडजूड खंड लिहिले, ते आणि गुन्हेगार जमातींच्या याद्या यांचं गोत्र एकच. कुणाची बोली कुठली, कोण कुठून कुठं फिरतं, लग्न कशी लावतात, ही माहिती गोळा करणारा साहेब तेव्हा अभ्यासकही होता आणि सरकारही. अशा वस्तीतल्या म्हातारीनं सर्व्हेवाल्या पोराला दारातूनच वाटेला लावलं, तर मला तरी त्यात अडाणीपणा दिसत नाही.

विश्वास मिळाल्यावर काम सोपं होतं असंही नाही. उलट तिथून पुढं वही अवघड होत जाते. शांत गावात नेमकेपणा हा गुण. नाव, तारीख, ठिकाण जितकं पक्कं तितकं चांगलं. जिथं चौकीवर झडती होते तिथं तोच नेमकेपणा पुरावा ठरतो, आणि तोही बोलणाऱ्याच्या विरुद्ध. म्हणून या लोकांनी निराळ्या सवयी लावून घेतल्या. नावं पहिल्याच दिवसापासून खोटी लिहायची, नंतर बदलायची नाहीत. गावाचं नाव बदलायचं, गरज पडली तर दोन गावांचं मिळून एक करायचं. खऱ्या-खोट्या नावांची किल्ली वहीत ठेवायची नाही, शक्यतो त्या देशातच ठेवायची नाही. जेफ्री स्लुका यानं १९८० च्या दशकात बेलफास्टच्या कॅथलिक वस्तीत काम केलं, तेव्हा काही विषय त्यानं स्वतःच वर्ज्य ठरवले होते. हत्यारं कुठं आहेत, कोण कुठल्या तुकडीत आहे, हे विचारायचंच नाही. माहीत नसलेली गोष्ट चौकशीत कुणी काढून घेऊ शकत नाही. आता फोन आल्यानं हे आणखी बिकट झालंय. वहीतलं पान फाडता येतं, पण फोटोच्या पोटात वेळ, आणि लोकेशन चालू असेल तर जागाही, आपोआप नोंदली जाते, आणि व्हॉट्सॲपवर कुणाशी कधी बोललात ते फोन उघडला की दिसतं.

बेलफास्टचीच एक दुसरी हकिकत या धंद्यात सगळ्यांना तोंडपाठ आहे. २००१ ते २००६ या काळात बोस्टन कॉलेजच्या एका प्रकल्पासाठी तिथल्या दोन्ही बाजूंच्या जुन्या हत्यारबंद कार्यकर्त्यांच्या मुलाखती टेप केल्या गेल्या. तुम्ही हयात असेपर्यंत टेप उघडणार नाही, असा शब्द त्यांना दिला होता. २०११ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी १९७२ सालच्या एका खुनाच्या तपासासाठी टेप मागितल्या, अमेरिकी कोर्टात भांडण झालं आणि शेवटी काही टेप पोलिसांच्या हाती गेल्या. वकिलाला अशिलाची गुपितं राखायचं कायद्याचं संरक्षण असतं, संशोधकाला बहुतेक देशांत नसतं. आपल्याकडेही नाही. तेव्हा "तुमचं नाव कुठं येणार नाही, आजोबा" असं म्हणताना आपण जे देऊ शकत नाही ते देतोय का, हे आधी बघावं. त्यापेक्षा नाव लिहूनच न घेणं बरं.

मग त्या एम.ए.च्या मुलीनं करायचं काय? मला विचाराल तर मेलं कोण, मारलं कुणी, हे विचारायलाच जाऊ नये. ॲक्शननंतर गावातला पहिला उरूस कधी भरला, असं विचारावं. संदल कुणाच्या घरून निघाला, मानाचा नारळ कुणी दिला, दर्ग्याची दिवाबत्ती मधल्या काळात कोण करत होतं. जत्रेच्या गोष्टी लोक आवडीनं सांगतात, आणि "त्या दोन वर्षी भरलाच नाही" असं कुणीतरी आपणहून बोलून जातं. तिथं थांबायचं. पुढचं सांगायचं की नाही, ते सांगणारा ठरवेल, कदाचित तिसऱ्या भेटीत, कदाचित कधीच नाही. आणि मुलीला गावात कुणी नेलं यावरही बरंच अवलंबून असतं. सरपंचाच्या गाडीतून उतरली तर ती सरपंचाची पाहुणी. मग अर्धं गाव तिच्याशी सरपंचाला चालेल तेवढंच बोलणार. भाषेचंही तसंच. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी सगळं कानावर असतं, पण कुठली गोष्ट कुठल्या भाषेत सांगितली जाते हे बघण्यासारखं असतं. मराठीत "झालं गेलं" म्हणणारी आजी घरात दखनीत तीच गोष्ट नातीला सविस्तर सांगत असेल.

गप्प बसणं हीसुद्धा माहितीच असते, हे लिंडा ग्रीन यांनी ग्वाटेमालातल्या माया विधवांमध्ये राहून दाखवलं. १९८० च्या दशकात तिथल्या लष्करानं डोंगरातली गावंच्या गावं बेचिराख केली. सत्यशोधन आयोगानं पुढं सगळ्या यादवीचा हिशेब मांडला तो दोन लाखांहून अधिक मृत आणि बेपत्ता असा, आणि ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया. नवऱ्याला नेणारा गावातलाच कुणीतरी असायचा आणि तो बाजारात रोज दिसायचा. त्या बायका त्याबद्दल बोलायच्या नाहीत. डोकं दुखतं, छातीत धडधडतं, झोप नाही, हे सांगायच्या. ग्रीन यांचं म्हणणं असं, की अशा ठिकाणी भीती ही अधूनमधून येणारी गोष्ट राहत नाही. ती रोजच्या जगण्याचं अंग होऊन बसते. पुढं पुढं खुद्द ग्रीन यांनाही रात्री मरणाची स्वप्नं पडायला लागली.

दिल्लीत १९८४ च्या शीखविरोधी हिंसेनंतर वीणा दास यांनी सुलतानपुरीत काम केलं. दिल्लीतल्या मृतांचा सरकारी आकडाच २,७३३ आहे. मदतकार्य आणि अभ्यास त्यांनी वेगळे ठेवले नाहीत, ठेवणं शक्यही नव्हतं. मंत्री-पुढारी भेटीला येणार म्हटल्यावर तिथल्या विधवांनी आवरासावर करायला नकार दिला. न विंचरलेल्या केसांनी, तशाच मळक्या कपड्यांत त्या दाराबाहेर बसून राहिल्या. महाभारत वाचलेल्या माणसाला केस मोकळे सोडून बसलेली बाई काय म्हणतेय हे वेगळं सांगावं लागत नाही. कुठल्याही चौकशी आयोगाच्या कागदात हा जबाब म्हणून येणार नाही. अफवेबद्दलही दास यांनी बरंच लिहिलंय. दिल्लीच्या पाण्यात शिखांनी विष कालवलं, ही तेव्हाची अफवा. ती खोटी होती एवढं म्हणून थांबता येत नाही. मारणाऱ्यांना आपणच धोक्यात आहोत असं वाटायला लावण्याचं काम तिनं केलं, आणि ती कुठून कुठं कशी गेली हे शोधणं हा अभ्यासाचा भाग आहे.

बळींबद्दल एवढं बोलणं सोपं. मारणाऱ्यांशी बोलायला बसलं की वेगळीच पंचाईत होते. अँटोनियस रॉबेन यानं अर्जेंटिनातल्या १९७६ ते १९८३ च्या लष्करशाहीतले सेनाधिकारी, जुने बंडखोर आणि बेपत्ता मुलांचे आईवडील अशा सगळ्यांच्या मुलाखती घेतल्या. त्याच्या लक्षात आलं, की जनरल लोक अत्यंत सभ्य आहेत, कॉफी पाजतात, मुद्देसूद बोलतात, आणि बाहेर पडताना आपण विचारायचा प्रश्न विचारलाच नाही हे नंतर कळतं. पण प्रामाणिक माणूस म्हणून त्यानं पुढची गोष्टही लिहिली. आईबापांचं दुःख ऐकतानाही आपण तितकेच वाहवत जातो, तिथंही प्रश्न विचारायचं सुचत नाही.

फिलिप बुर्ज्वा याचा अनुभव याच जातीचा. १९८१ मध्ये तो विद्यार्थी असताना दोन दिवसांसाठी म्हणून एल साल्वादोरमधल्या बंडखोरांच्या भागात गेला आणि लष्करी हल्ल्यात चौदा दिवस अडकला. हजारेक गावकऱ्यांबरोबर रात्रीचं पळत त्यानं सरहद्द गाठली. परत आल्यावर त्यानं पाहिलेलं सगळं वर्तमानपत्रांना सांगितलं, तर विद्यापीठात त्याच्यावरच नियमभंगाचा ठपका आला, की बेकायदा सरहद्द ओलांडली, यजमान देशाची परवानगी घेतली नाही. ज्या सरकारचे सैनिक मारायला आले होते, त्याच सरकारची परवानगी! वीस वर्षांनी त्यानं त्या काळातल्या स्वतःच्याच लिखाणावर फेरविचार प्रसिद्ध केला. बंडखोर आपल्याला इतके न्याय्य वाटत होते, की त्यांच्यातली आपापसातली हिंसा आपण गाळली, असं त्यानं लिहिलंय. तटस्थ राहा म्हणणं सोपं, पण दोन्हीकडून गोळ्या येत नसतील, एकाच बाजूनं येत असतील, तर तटस्थ म्हणजे नेमकं कुठं उभं राहायचं ते कुणी सांगत नाही.

कॅरोलिन नॉर्डस्ट्रॉम यांचं मोझांबिकमधलं काम मला या सगळ्यात वेगळं वाटतं. तिथली यादवी १९९२ ला संपली, तोवर दहा लाखांच्या आसपास माणसं गेली होती. एका गावात वर्षभर राहणं अशक्य, कारण आज असलेलं गाव उद्या नसायचं. म्हणून त्या मिळेल त्या मालवाहू विमानानं इकडून तिकडे फिरत राहिल्या. गावाचा अभ्यास सोडून युद्धाचाच केला म्हणा ना. त्यांना सापडलं काय, तर हल्ल्यातून सुटून आलेल्यांना, पळवून नेलेल्या पोरांना, हत्यार टाकून परतलेल्या सैनिकांना गावातले वैदू विधी करून घरात घेत होते. त्याला तिथले लोक माणसातून युद्ध काढणं म्हणायचे. अंघोळ, वनस्पती, गाणं, सगळ्या गावाची हजेरी. मदतसंस्थांच्या अहवालांत धान्याची पोती आणि मेलेल्यांचे आकडे होते, हे नव्हतं.

आता ज्या संशोधकांना या कामाची किंमत स्वतः मोजावी लागली त्यांच्याबद्दल. मिर्ना माक या ग्वाटेमालाच्याच मानववंशशास्त्रज्ञ. लष्करानं हुसकावलेले माया लोक स्वतःच्याच देशात कसे लपत-छपत जगतात, यावर त्यांनी काम केलं. ११ सप्टेंबर १९९० ला राजधानीत त्यांच्या कार्यालयाबाहेर त्यांना भोसकून मारलं. तपास करणारा पोलीस अधिकारी पुढच्याच वर्षी मारला गेला. बहीण हेलन यांनी खटला सोडला नाही. मारेकरी सार्जंटला १९९३ मध्ये शिक्षा झाली आणि २००३ मध्ये अमेरिका खंडाच्या मानवाधिकार न्यायालयानं खुद्द ग्वाटेमाला राज्याला जबाबदार धरलं. आपल्याकडे दिल्लीच्या अभ्यासक नंदिनी सुंदर १९९० च्या दशकापासून बस्तरमध्ये जात आल्या आहेत. सलवा जुडूमविरुद्धच्या त्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०११ मध्ये आदिवासी तरुणांना हत्यारं देऊन नक्षलवाद्यांविरुद्ध उभं करणं घटनाबाह्य ठरवलं. २०१६ मध्ये छत्तीसगड पोलिसांनी एका खुनाच्या गुन्ह्यात त्यांचं नाव घातलं आणि पुरावा नाही म्हणून २०१९ मध्ये वगळलं.

ही नावं निदान जगाला माहीत आहेत, पाठीशी विद्यापीठ आहे, वकील आहे. गावातल्या मदतनीसामागं यातलं काही नसतं. दुभाषी तोच, वाट दाखवणारा तोच, आज पलीकडच्या वस्तीवर जाऊ नका हे ओळखणाराही तोच. संशोधकाचा व्हिसा संपतो, तो तिथंच राहतो. त्याला चौकीवर बोलावून बाईंनी काय काय विचारलं म्हणून दरडावलं, तर त्यानं कुणाला फोन करायचा? फील्डवर्कला निघणाऱ्या विद्यार्थ्यानं पहिल्या प्रश्नावलीच्या आधी त्याच्याशी बसून हे ठरवून घ्यावं: पगार किती आणि कधी, काय विचारायचं नाही, त्याचं नाव आभारात छापायचं की नाही, आणि तो "आज नको" म्हणाला तर कारण न विचारता परत फिरायचं.